अण्णांचे चार सिलिंडर

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अहिल्यानगरला ऑफिसात होतो. अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यातले निवृत्त विद्युत अभियंता. शेवटच्या भेटीत ते एवढंच म्हणाले होते, "दाजी, ते सिलिंडर पुण्याला पोचवा. माझ्याच्यानं आता होत नाही…"

कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये आग विझवणारा गॅस त्यांनीच बसवून घेतला होता. पाणी नाही, पावडर नाही, महागडी पॅनेल कोरडी राहतात, याचं त्यांना फार कौतुक. दर खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की एका काचेच्या केबिनमध्ये कापडाचा बोळा पेटवायचे, दार लावून गॅस सोडायचे. आग क्षणात विझायची. संचालक टाळ्या वाजवायचे.

हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत कित्येक वर्षं टिकतो आणि तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो, हे त्यांना उशिरा कळलं. मी हिशेब करून पाहिला. चार सिलिंडरमध्ये दोनशे किलो, म्हणजे सहाशे टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. अण्णांनी प्रात्यक्षिक बंद केलं. कारण मात्र कामगारांना सांगितलं नाही. "मीच शिकवलं त्यांना, आता कोणत्या तोंडानं…" म्हणाले. निवृत्तीनंतर संचालकांच्या मागे लागून त्यांनी नायट्रोजनची यंत्रणा बसवून घेतली. जुना गॅस शुद्ध करून परत वापरणारी कंपनी पुण्यात शोधली. पोचवायचं तेवढं राहिलं.

तेराव्यापाठोपाठ दसरा आला, म्हणून टेम्पो दसऱ्यानंतर ठरवला. कारखान्यावर फोरमन पुढं आला.

"सायेब, उशीर केला तुमी. खंडेनवमीला चारी सोडले, अण्णासायबांच्या नावानं. फोटोला हार घातला हुता. लई मान्सं आल्ती."

त्याचे डोळे भरले होते. टेम्पो रिकामाच परतला. पुण्यापर्यंतचं ठरलेलं भाडं ड्रायव्हरला दिलं.

वहिनींना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, खोटं सांगवेना.

"हवेत सोडले."

"कुणी?"

"त्यांच्याच माणसांनी. त्यांची आठवण म्हणून."

वहिनींनी निवडायचे गहू पुढं ओढले. मग म्हणाल्या, "त्या माणसांना नका सांगू काही."

मासिक श्राद्धाला फोरमन घरी आला. अण्णांच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही, वहिनींनी त्याला तिथं बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?"

तो सांगत राहिला… त्या ऐकत राहिल्या.