ची कुणाची?

चार रिकामी माणसं रोज सकाळी एका मैदानावर जमली की तब्येत सुधारो न सुधारो, किस्से मात्र ढिगानं साठतात. मला डॉक्टरांनी बीपीसाठी "जरा हळू श्वास घेत जा" एवढंच सांगितलं होतं. पण आमच्या शेवगावात साधं काही चालत नाही. दिगंबर सर म्हणजे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. त्यांनी मोबाईलवर बघून बघून चिनी व्यायामाचा क्लास काढला होता. त्यात मी शिरलो!

*

पहिल्याच दिवशी सर डोळे मिटून म्हणाले, "शरीरात फिरते ती ची!"

माझ्या शेजारी बाबुराव उभे होते. बैलांचे व्यापारी, घोडेगावच्या बाजारात आयुष्य गेलेलं. त्यांनी विचारलं, "कुणाची?"

"कुणाची नाही. नुसती ची. म्हणजे प्राणशक्ती!"

"आवो, पन कुणाची तरी असंलच की!"

सर वैतागले. "आपली हो, आपली!"

"मंग ती घरीच हुती. एवढ्या सकाळी इथं कशाला बोलावलं?"

*

एका प्रकारात दोन्ही हात हळूहळू बाजूला न्यायचे. नाव काय, तर 'ढग सारणे'! मृग कोरडा चाललेला, आणि आम्ही दहाबारा जण ओळीनं ढग सारतोय.

दूध घालायला निघालेला एक शेतकरी गाडी थांबवून बघत राहिला. शेवटी न राहवून ओरडला, "ओ सर, लोटू नका! इकडं वढा!"

*

मग सरांना ड्रेसचा झटका आला. पिवळी सॅटिनची विजार, वर सोनेरी काठाचा झब्बा. शिवला कुणी? बँडवाल्यांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या टेलरनं!

दुसऱ्याच दिवशी एक पाहुणा मोटरसायकलवरून उतरला आणि सरांना नमस्कार करून म्हणाला, "रविवारी मोकळे हाय का? वरात लहानच हाय."

*

सरांचा हुकमी एक्का म्हणजे स्पर्श न करता माणूस पाडणं. त्यांचा भाचा दर वेळी इमानेइतबारे पडायचा. एकदा म्हणाले, "बाबुराव, या पुढं."

सरांनी तळवे रोखले, फूत्कार टाकला, कपाळावर घाम आला. बाबुराव खांबासारखे उभे! बऱ्याच वेळानं त्यांनीच विचारलं, "ढकलायला सुरू केलं, की सांगा बरं का."

"यांची ची तुंबलेली आहे," सरांनी जाहीर केलं. चूक कधी मास्तरांची असते का?

*

पण एका सकाळी हसू पळालं. बाबुराव हात वर करता करता खाली बसले. छाती धरलेली, अंगाला दरदरून घाम.

सर म्हणाले, "घाबरू नका! ची मोकळी होतीये. श्वास सोडा."

माझं डोकंच फिरलं. "सर, गप्प बसा! हार्ट अटॅक आहे तो!" मी रिक्षात घालून बाबुरावांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

त्यानंतर क्लास मोडला. सरांशी कुणी बोलेना. मी तर तोंडावर सांगितलं होतं, "पुन्हा दिसू नका."

*

तरी ते आले. बाबुराव वॉर्डात, मी जवळ स्टुलावर. सर दारातून आत आले, कुणाकडे न बघता पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि डोळे मिटून हात हलवायला लागले.

सिस्टरनं विचारलं, "काय चाललंय यांचं?"

बाबुराव पडल्या पडल्या म्हणाले, "काय न्हाई. वारा घालत्यात. लाईट गेलीया ना!"

सिस्टर फणकारली, "मग त्या कोपऱ्यातल्या बाबांना घाला म्हणावं. परवापासून कण्हतायत, विचारायला कुणी येत नाही."

सर खरंच गेले. त्या म्हाताऱ्याच्या उशाशी उभं राहून हात हलवायला लागले. वर, खाली. हळू. मी तोंड फिरवून बसलो.

काही वेळानं वॉर्डात एकदम शांतता झाली. कण्हणं थांबलं होतं. सिस्टर धावत गेली, नाडी धरली, नाकाशी बोटं नेली. मग आमच्याकडे बघून कुजबुजली, "झोपलेत."

सरांनी दमून हात खाली घेतले.

बाबुराव उशीवरून मान उचलून हळूच म्हणाले, "सर, थांबू नगा."