चारशे बारा वेळा रामचंद्र

संगणकावर दोन बटणं एकदम दाबली की वेळ वाचतो, हे माझ्या मुलीने मला शिकवलं तेव्हा माझ्याजवळ वेळेखेरीज दुसरं काहीही नव्हतं.

सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली होती आणि माझी बायको सुमन जाऊन तीन. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी, फ्रिज आणि संगणक असे तिघं राहत होतो. (पैकी फ्रिज अधूनमधून आवाज तरी करायचा.) मुलगी मुक्ता बंगळुरूला. तिचा फोन दर रविवारी सकाळी साडेदहाला.

"बाबा, वेळेवर जेवता ना? गोळ्या घेता ना? बाकी काय?"

'बाकी काय' आलं की फोन संपत आला हे मी ओळखायचो. कारण बाकी काहीच नसायचं.

म्हणून मी शंका काढायला लागलो. संगणकाच्या. "अगं, हे वरचं वाक्य उचलून खाली कसं न्यायचं?" मुक्ता कामात हुशार आणि स्वभावाने शिक्षिका. तिने मला कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही शिकवलं. मला ते दोन मिनिटांत समजलं, पण मी ते चार रविवार पुरवलं! फोन सहा मिनिटांचा पंचवीस मिनिटांवर गेला. मग कंट्रोल झेड आला.

"बाबा, काही चुकलं ना, की हे दाबायचं. केलेलं सगळं मागे जातं."

"किती मागे जातं?"

"फाइल उघडलीत तिथपर्यंत."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा," ती हळूच म्हणाली. त्या रविवारी फोन लवकर संपला.

पुढे पुढे मला नाटक करावं लागेना, मी खरोखरच तरबेज झालो. माउस ड्रॉवरमध्ये टाकला. दर वाक्यानंतर कंट्रोल एस, काम झालं की ऑल्ट एफ फोर, आणि खलास! सोसायटीच्या बैठकीत मी सेक्रेटरीसाहेबांना "तुम्ही अजून माउस वापरता?" असं विचारलं, तेव्हापासून ते लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. पूर्वी वीजबिल, पत्रं, हिशेबाच्या चिठ्ठ्या यात माझे अकरा वाजायचे. आता साडेनऊलाच सगळं उरकायचं. मग साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत मी माझ्या कार्यक्षमतेकडे बघत बसायचो.

अशात एके दिवशी नारायण पेठेतून वहिनींचा फोन आला.

"भावजी, यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. छोटा कार्यक्रम करतोय. एक पुस्तिका काढायचीय यांच्यावर. तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं यांना कोण ओळखतं?"

'हे' म्हणजे माझा मोठा भाऊ, रामचंद्र. घरात सगळ्यांचा राम, माझा दादा. त्याचं घर माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर आहे आणि तीन वर्षांत मी ते अंतर एकदाही कापलं नव्हतं. झालं होतं एवढंच, की सुमनच्या तेराव्याला सगळे उठून जात असताना दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता सवय करून घे." त्याला दुसरं काही सुचलं नसणार. पण मला ते लागलं. मी गेलो नाही, म्हणून तोही आला नाही. दिवाळीला फोन, वाढदिवसाला फोन, आणि दोन्ही फोनवर हवापाणी.

मी पुस्तिका लिहायला घेतली आणि गंमत म्हणजे मला ती संपवावीशी वाटेना. साताऱ्याकडचं आमचं गाव, दादाने मला सायकल शिकवताना विहिरीच्या कठड्यावर सोडून दिलं ते, माझ्या दहावीच्या निकालाला तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता ते. चाळीस पानं झाली! आणि शेवटच्या पानावर, जे मला त्याच्या तोंडावर सांगता येणार नव्हतं, ते मी लिहून टाकलं. त्या परिच्छेदाला मला चार दिवस लागले. तिथे कुठलाच शॉर्टकट सापडला नाही.

छपाईला द्यायच्या दिवशी सकाळी वहिनींचा पुन्हा फोन.

"भावजी, मी मजकूर पाहिला नाहीये हं, पण तुम्ही सगळीकडे नुसतं 'राम' लिहिलंयत का?"

"हो. मग काय लिहू?"

"अहो, यांच्या जुन्या ऑफिसातले साहेब येणारेत. राम राम काय? चांगलं रामचंद्र छापा."

"चाळीस पानं आहेत, वहिनी!"

"मग राहू दे. जमणार नसेल तर..."

जमणार नसेल? मला? मी बोटं मोडली. कंट्रोल एच! वरच्या चौकटीत 'राम', खालच्या चौकटीत 'रामचंद्र', आणि 'सगळे बदला'. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर निरोप आला की चारशे बारा ठिकाणी बदल झाले. चारशे बारा! मला गहिवरून आलं. चाळीस पानांत आपण भावाचं नाव चारशे बारा वेळा घेतलं, आणि आपल्यालाच पत्ता नाही! (इथे एखाद्या शहाण्या माणसाला संशय आला असता. मला प्रेम आलं.) कंट्रोल एस. ऑल्ट एफ फोर. फाइल रवाना.

नारायण पेठेतच मुलाणींचा छापखाना आहे. मुलाणी तीन पिढ्यांचे छापणारे, चष्म्यावरून बघत बोलतात. त्यांनी मुखपृष्ठ स्वतः सजवलं होतं, त्यावर मोठ्या सुबक अक्षरांत दादाचं नाव. म्हणाले, "साहेब, आतला मजकूर एकदा वाचून द्या."

"मुलाणी, माणूस चुकतो. कंट्रोल एच चुकत नाही. एकही अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही, सांगून ठेवतो!"

"तुमची मर्जी," मुलाणी म्हणाले आणि त्यांनी एकही अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

कार्यक्रमाला छोटा हॉल गच्च भरला होता. शंभर प्रती आल्या होत्या, त्यातल्या वीस पहिल्या दोन रांगांत वाटूनही झाल्या. दादा स्टेजवर शाल घेऊन बसला होता. तीन वर्षांत बराच वाळला होता. त्याने मला पाहून नुसती मान हलवली, मीही हलवली. हवापाणी झालं.

पुस्तिका वाचून दाखवायला वहिनींची बहीण उभी राहिली. कुसुमताई. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या. उच्चार स्वच्छ, आवाज खणखणीत आणि जे छापलंय तेच वाचायचं हा बाणा.

"रामचंद्रचंद्र यांचा जन्म सातारा जिल्ह्यात झाला," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पान जवळ घेतलं. लांब धरलं. पुढे निघाल्या. "त्यांचे वडील ग्रामचंद्रपंचायतीत कारकून होते व अत्यंत प्रामचंद्राणिक म्हणून प्रसिद्ध होते."

मला घाम फुटला. राम! ग्राममध्ये राम, प्रामाणिकमध्ये राम! संगणकाला मी म्हटलं होतं, राम दिसेल तिथे चंद्र लाव. त्याने माझ्या मराठीत मला कधी न दिसलेले राम शोधून काढले होते.

"घरी एक जुना ग्रामचंद्रोफोन होता. रामचंद्र लहानपणापासून करामचंद्रती."

मागच्या रांगेत कुणीतरी फुटलं. दादाच्या ऑफिसातले साहेब शेजाऱ्याला म्हणाले, "जुनी भाषा दिसतेय. संस्कृतच्या जवळची." मी शेजारी बसलेल्या मुलाणींकडे बघितलं. ते म्हणाले, "ग्रामचंद्रोफोन बघून मी विचारणार होतो. पण तुम्ही सांगून ठेवलं होतंत."

आता हॉलमध्ये लोक प्रत्येक वाक्याची वाट बघत होते. सायकलच्या प्रसंगात 'गावच्या विहिरीमागच्या आवारामचंद्रध्ये' आलं, तेव्हा एक काकू खुर्चीवरून घसरल्या. मला कशाचीच भीती नव्हती, फक्त शेवटच्या पानाची होती. मी कुसुमताईंना दोन्ही हातांनी 'थांबा, थांबा' अशी खूण केली. त्यांना वाटलं ऐकू येत नाहीये. त्यांनी आवाज चढवला!

"शेवटी थोडं माझ्याबद्दल," कुसुमताई गरजल्या. "सुमन गेल्यावर या घरामचंद्रध्ये मी एकटाच उरलो. दुपारी आरामचंद्रखुर्चीत पडलो की वाटतं, दारामचंद्रागे कुणीतरी उभं आहे. उठून दार उघडतो. कुणी नसतं."

हॉल हसून हसून कोसळला होता. तो हशा मध्येच अर्धवट तुटला, कारण वाक्यं काय म्हणतायत ते लोकांच्या ध्यानात यायला लागलं. कुसुमताईही हळू झाल्या.

"दादा, तू सवय करून घे म्हणालास. तीन वर्षं करतोय. होत नाही. आपापल्या संसारामचंद्रुळे आपण लांब गेलो. तू ये एकदा."

कुणी हसलं नाही. कुणीतरी संसारामचंद्रुळेला हसायला सुरुवात केली होती, त्याला बायकोने कोपर मारलं. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. कंट्रोल झेड, कंट्रोल झेड, मी मांडीवर बोटं दाबत होतो. खरंच दाबत होतो.

दादा उठला. त्याने कुसुमताईंच्या हातातून पुस्तिका घेतली, चष्मा लावला आणि ते पान स्वतः वाचलं. मग माझ्याकडे बघत माईकवर म्हणाला, "शऱ्या, घरामध्ये रामचंद्र, खुर्चीत रामचंद्र, दारामागे रामचंद्र. इतका वेळ मी तुझ्याकडेच आहे आणि तू म्हणतोस एकटा आहेस? चहा तरी विचारायचास."

हॉल पुन्हा कोसळला. मीही हसलो. नाक पुसत हसलो, त्यामुळे आवाज चमत्कारिक आला आणि लोक त्यालाही हसले.

उरलेल्या ऐंशी प्रतींचं काय करायचं? मी म्हटलं पुन्हा छापू. मुक्ताने फोनवर सांगितलं, की उलट बदल केला की फाइल एका मिनिटात सरळ होते. पण दादा ऐकेना.

"पुन्हा छापायचं नाही. कागद काय झाडाला लागतो?"

"कागद झाडापासूनच होतो, दादा."

"म्हणूनच. पेनने खोडायचं. ऐंशी प्रती, चाळीस तुझ्या, चाळीस माझ्या. मंगळवारी येतो."

आणि तो आला! नारायण पेठेतून बसने, पिशवीत चाळीस पुस्तिका, दोन निळी पेनं आणि वहिनींनी दिलेला खाऊचा डबा घेऊन. आम्ही जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो. नियम सोपा होता. जिथे खरोखर दादा असेल तिथे 'रामचंद्र' ठेवायचं, बाकी ठिकाणी 'चंद्र' खोडायचा. एका प्रतीला तासभर लागायचा. मध्येच दादा म्हणायचा, "विहिरीच्या कठड्यावर मी तुला सोडलं नव्हतं. तूच हात सोडलास." मग त्यावर अर्धा तास भांडण. मग चहा. असं करत एका मंगळवारात आमच्या दोघांच्या मिळून जेमतेम पाच प्रती व्हायच्या. तरी तो नसताना मी इतर दिवशी काही उरकून ठेवायचो, कारण हात थांबला की घर पुन्हा मोठं वाटायचं. मुक्ताचा फोन आला की आता मीच म्हणायचो, "ठेवतो गं, काम पडलंय."

तेराव्याचा विषय त्याने एकदाच काढला. मान खाली, पेन चालू. "तेव्हा मला काय बोलावं ते कळलं नव्हतं रे."

"माहितीये," मी म्हटलं आणि एक चंद्र खोडला.

महिने गेले. एका मंगळवारी शेवटची प्रत झाली. दादा दोरी घेऊन उठला. "दे तुझ्या चाळीस. गठ्ठा बांधतो."

मी अभिमानाने गठ्ठा पुढे केला. प्रती मी पालथ्या रचून ठेवल्या होत्या. त्याने पहिली सुलट केली. दुसरी केली. मग भराभर दहा-बारा केल्या. मग खुर्चीत बसला.

"शऱ्या, माझं नाव काय?"

"रामचंद्र."

"मग हे काय आहे?"

मुखपृष्ठ. मुलाणींनी सजवलेलं, अख्ख्या पुस्तिकेतलं कंट्रोल एचचा हात न लागलेलं एकमेव नाव. त्यातला 'चंद्र' मी निळ्या पेनने, पट्टी लावून, नीट खोडला होता. चाळीसच्या चाळीस प्रतींवर.

दादाने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे अजून चार मंगळवार," तो म्हणाला आणि त्याने दोरी पुन्हा पिशवीत टाकली.

मी सवयीने दोष द्यायला संगणकाकडे वळलो. पण तिथेही माझी सोय नव्हती. तो गेले कित्येक आठवडे बंद होता आणि त्याच्या कीबोर्डवर आमचा चहाचा ट्रे ठेवलेला होता.