नळाच्या पाण्याची बाटली

बाबांना मी खोटारडे म्हटलं तेव्हा ते गच्चीवर नरसाळं धूत होते.

ते रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि पुरानी बस्तीतल्या आमच्या घरात त्यांचा दिवस जाईना. म्हणून मीच त्यांना माझ्या प्रयोगशाळेचं एक काम दिलं. पाऊस पडला की सकाळी आठला गच्चीवरच्या नरसाळं लावलेल्या डब्यातलं पाणी छोट्या बाटलीत काठोकाठ भरायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकण घट्ट लावून वर तारीख लिहायची. बस्तरकडच्या गुहांमध्ये चुन्याच्या थरांत जुन्या पावसाची खूण असते. ती वाचायची तर आजच्या पावसाची खूण माहीत लागते. पाण्यात थोडा जड ऑक्सिजन असतो. ऊन लागलं की हलकं पाणी आधी उडतं, जड मागे उरतं. यंत्र तेवढा फरक पकडतं.

चार पावसाळे बाबांची एकही बाटली चुकली नाही. पाचव्या वर्षी ऑगस्टच्या सात बाटल्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तेही जड, उन्हात साठून राहिलेल्या पाण्यासारखे. पाऊस असा नसतो, दर वेळी बदलतो. मी घरच्या नळाचं पाणी तपासलं. आकडे जुळले.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. बायको दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"बाबा, नळाचं पाणी भरलं काय तुम्ही?"

"पाऊस आला होता ना."

"कुठचा पाऊस? या सातातले तीन दिवस तर ऊन होतं. खोटारडेपणा आहे हा. पूर्ण सीझन फेकावा लागते मले आता."

"अहो, हळू बोला," बायको म्हणाली.

बाबांनी नरसाळं पुसून जागेवर ठेवलं आणि ते खाली गेले. मी खरोखरच त्या वर्षाच्या सगळ्या बाटल्या ओतून दिल्या, चांगल्यासुद्धा.

गाड्यांच्या वेळा आयुष्यभर सांभाळलेला माणूस नळ का उघडेल, हे मी स्वतःला विचारलं नाही. डॉक्टरांनी त्यांच्या आजाराचं नाव सांगितलं ते दीड वर्षाने. त्या ऑगस्टमध्ये पाऊस झाला की नाही हेच त्यांना आठवत नसणार. आणि मला विचारायची त्यांना भीती वाटली असणार. त्यांचं काहीतरी बिघडतंय, हे माझ्या यंत्राने मला तेव्हाच सांगितलं होतं.

गेल्या रविवारी भर उन्हात ते अंगणातल्या नळाखाली बाटली धरून बसले होते. मी शेजारी बसलो.

"बाबा, मी तुम्हाले खोटारडे म्हटलं होतं. चुकलं माझं."

"मले? मले कोण म्हणते खोटा!" ते हसले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "भैया, एक काम करा. माह्या पोराले सांगू नका हे. चिडते तो."

"हव, नाही सांगत," मी म्हणालो.

त्यांनी बाटली काठोकाठ भरली, बुडबुडा नाही ना हे उजेडात धरून पाहिलं, आणि मला आजची तारीख विचारली.