जिन्याची सतरावी पायरी

"मॅडम, अण्णा पडले. नव्या जिन्यावरून."

माझ्या क्लायंटचा, हेमंतचा, फोन सकाळी साडेनऊला आला. आर्किटेक्टला 'स्लॅब गळतोय', 'भिंतीला तडा गेलाय' असे फोन नवे नाहीत. पण ज्या माणसासाठी जिना बांधला तोच त्यावरून पडला, असा फोन माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पहिलाच. टेप घेतली आणि गाडी काढली.

हे घर पाथर्डी फाट्याजवळचं एक रो-हाऊस. खाली हॉल आणि किचन, वर दोन खोल्या आणि गच्ची. अण्णा म्हणजे हेमंतचे वडील. सगळा जन्म सटाण्याला कांद्याच्या व्यापारात गेला. कांदा नुसता हातात घेऊन तो साठवणीच्या चाळीत किती महिने पडून होता ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती. सत्तरीला आले आणि काचबिंदूने गाठलं. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहिल्यासारखं. पायाखालचं काहीच नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पहिल्या मीटिंगला हेमंत म्हणाला, "मॅडम, हॉलमधून थोडी जागा घेऊन अण्णांना खाली एक रूम काढून द्या."

अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "खाली मी नाय राहणार. वर गच्ची हाय. सकाळचा तासभर चालतो तिथं. एकदा खाली बसवलं की मग खाटेवरच बसवलं समजा. डोळे चाललेत माझे, पाय नाय."

मला म्हातारा आवडला. मी खोलीचा विषय बंद केला आणि जिना बघायला उठले.

जुना जिना बिल्डरने जागा वाचवायला केलेला होता. वळणावर तिरक्या, त्रिकोणी पायऱ्या, आणि प्रत्येकीची उंची निराळी. पायरीच्या उंचीला आम्ही रायझर म्हणतो. आपण जिना डोळ्यांनी चढतो असं आपल्याला वाटतं. खरं तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय ती उंची शिकतो आणि पुढच्या पाठ म्हणतो. एखादी पायरी अर्ध्या इंचाने जरी चुकली तरी पाय अडखळतो. ज्याला दिसतं तो सावरतो. अण्णांसाठी सगळ्या पायऱ्या तंतोतंत सारख्या हव्या होत्या, आणि त्या आताच हव्या होत्या, थोडी नजर शिल्लक होती तोवर. एकदा जिना पाठ झाला की पुढे डोळ्यांची गरज नव्हती.

खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची भरली नऊ फूट अकरा इंच. सात इंचाचे बरोबर सतरा रायझर. हिशोब असा सुरेख जमला की मी स्वतःवरच खूश झाले.

ड्रॉइंग दाखवायला गेले तेव्हा अण्णांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, एकच प्रश्न विचारला. "पायऱ्या विषम हायेत ना वो?"

जिन्याच्या पायऱ्या विषम असाव्यात, हा आपल्याकडे घरोघरी पाळला जाणारा नियम. मला या गोष्टींचा कंटाळा आहे आणि तो मी लपवतही नाही. "सतरा आहेत काकू. विषमच. झालं समाधान?" असं म्हणून मी पुढचं पान उलटलं. ते 'झालं समाधान?' मला पुढे फार महागात पडलं.

काम इस्माईल मिस्त्रींनी केलं. मालेगावचा माणूस, पाणसळीचा, म्हणजे लेव्हलचा पक्का. लेदर फिनिशचा, म्हणजे खरखरीत केलेला काळा दगड प्रत्येक पायरीवर बसवला. पाय सरकू नये म्हणून कडेला तीन खाचा. मी सतराच्या सतरा उंच्या टेपने तपासल्या. मग रोज सकाळी हेमंत हात धरून अण्णांना वर-खाली करवू लागला. अण्णा मोठ्याने मोजायचे. मीच शिकवलं होतं, "उतरताना सतरा म्हटलं की जमीन आली." दहाव्या दिवशी त्यांनी हेमंतचा हात सोडला.

आणि बाराव्या दिवशी हा फोन.

पोहोचले तेव्हा अण्णा दवाखान्यातून परत आले होते. उजव्या मनगटाला प्लास्टर. काकू किचनच्या दारात उभ्या, डोळे सुजलेले. मी सरळ जिन्याकडे गेले. पहिल्या पायरीच्या पुढे जमिनीवर एक जास्तीचा दगड बसवलेला होता. लांबी-रुंदी पायरीएवढीच, उंची तीन इंच. माझ्या ड्रॉइंगमध्ये तो नव्हता.

आता चित्र स्पष्ट झालं. अण्णा मोजत उतरले. सतरा म्हणाले, म्हणजे जमीन आली. पण पाय होता या दगडावर. ते निर्धास्तपणे किचनकडे वळले आणि दगडाच्या कडेवरून गेले.

मी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. "इस्माईलभाई, हा दगड कुणी सांगितला?"

"काकूंनी, मॅडम. काल संध्याकाळी बसवला. बोलल्या, एक पायरी कमी पडते. घरवाल्यांचं मन राखायला लागतं ना."

"आणि मला विचारायला काय झालं होतं?"

काकूच पुढे आल्या. "त्यांना नका बोलू. मीच सांगितलं. उद्या सत्यनारायण हाय घरात, म्हणून मोजल्या. मॅडम, सोळाच हायेत. चार वेळा मोजल्या मी."

"काकू, सतरा आहेत! अण्णा रोज सतरा मोजतात, ऐकता ना तुम्ही?"

"ते फरशी धरतात. फरशी काय पायरी हाय का?"

काकूंचं बरोबर होतं. मी मोजत होते उंच्या. त्या सतरा, कारण शेवटची उंची चढून आपण वरच्या फरशीवर येतो. काकू मोजत होत्या पाय ठेवायचे दगड. ते वळणावरचा सपाट टप्पा धरून सोळा. आमच्या धंद्यात हा फरक पहिल्या वर्षाला शिकवतात. मी तो कॉलेजच्या मुलांना शिकवलाही आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

"मग मला का नाही विचारलंत?" मी विचारलं, पण आवाज आता खाली आला होता.

"तुम्ही हसाल असं वाटलं," काकू म्हणाल्या. "यांच्या जिवाला काय व्हायला नको म्हणून विषम करायला गेले. हे तवा वरच होते, सकाळी सांगणारच होते वो यांना. मी आंघोळीला गेले तोवर उतरले हे." आणि त्या पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

अण्णा दिवाणावरून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "रडू नको. तुनी काय चूक शे?" मग माझ्याकडे तोंड करून, "दगड ठेवला ते ठेवला. मला एक हाक मारायची व्हती. आता राहू द्या मॅडम. खालीच बरं हाय."

ते वाक्य मला प्लास्टरपेक्षा जास्त लागलं. मनगट महिन्या-दीड महिन्यात भरून येणार होतं. या माणसाने वर जाणं सोडलं होतं. त्या संध्याकाळी हेमंतने त्यांची गादी हॉलमध्ये आणली.

खालचा दगड मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन काढला. पण काकूंचे सोळा सोळाच राहिले. त्यांना गप्प करून जिना तसाच ठेवणं सोपं होतं. पण ज्या जिन्याची बायकोला धास्ती, त्यावर नवरा कसा चढणार? मी वर जाऊन पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच काकूंसारखा जिना मोजला. दगड, दगड, दगड. सोळाव्या दगडानंतर पुढच्या उंचीवर एकदम गुळगुळीत टाइल.

तिथे मला माझी दुसरी चूक दिसली. ती टाइल खोलीपासून थेट जिन्याच्या कडेपर्यंत आली होती. वरून येणाऱ्या अण्णांच्या पायाला जिना सुरू होतोय हे कळायला काहीही खूण नव्हती. ते भिंत चाचपून अंदाजाने थांबत होते. तळाशी तीन इंचांवरून पडले ते नशीब. वरून गेले असते तर?

मी काकूंना वर बोलावलं. "इथली एक फूट टाइल काढते. तिथे हाच काळा दगड, याच खाचा. फरशीच्या लेव्हलला. मग तुमच्या मोजणीत ही पायरी धरायची का?"

काकूंनी वाकून जागेवर हात फिरवला. खूप वेळ विचार केला. मला या वेळी घाई नव्हती.

"दगड असंल तर पायरीच की," त्या म्हणाल्या. "सतरावी."

पट्टी बसली. दगड पक्का होईपर्यंत दोन दिवस कुणालाही त्यावर पाय ठेवू द्यायचा नाही, हे मिस्त्रींनी अण्णांना दिवाणापाशी बसून सांगितलं. तिसऱ्या दिवशी काकू अनवाणी चढल्या. मोठ्याने मोजत वर गेल्या, मोजत खाली आल्या. मग दिवाणापुढे उभ्या राहिल्या. "उठा. मी मोजल्यात. सतरा भरल्या. मधे काय बी ठेवलेलं नाय."

मी तीनदा समजावलं होतं, हेमंतने रोज. अण्णा हलले नव्हते. काकूंच्या शब्दावर ते उठले. डावा हात कठड्यावर, प्लास्टरचा हात छातीशी. काकू एक पायरी मागे. सोळापर्यंत दोघांचे आवाज बरोबर येत होते. सतराव्यावर अण्णा थांबले आणि तळवा दगडावर मागे-पुढे घासला. मग पुढे टाइलवर ठेवला. मग पुन्हा मागे दगडावर.

"हां," ते म्हणाले. "आता समजलं, जिना कुठं संपतो ते."

आणि गच्चीकडे वळले.

आता माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर जिन्याखाली दोन आकडे असतात, उंच्या किती आणि दगड किती. वरच्या कडेला खरखरीत पट्टी असतेच, मग घरात कुणाचे डोळे चांगले असोत वा नसोत. क्लायंट विचारतात, ही आयडिया कुठली? मी सांगते, सटाण्याच्या एका काकूंची. आणि कुणी पायऱ्या विषम आहेत का विचारलं, तर पान उलटत नाही. पेन्सिल त्यांच्या हातात देते आणि म्हणते, तुम्ही मोजून दाखवा.