पऱ्हाटीच्या पानावरची परीक्षा

मागच्या पावसाळ्यात अंगणातल्या कागदी लिंबावर मला पाच अळ्या सापडल्या. लहानपणी ही अळी हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते, काळी-पांढरी आणि ओलसर. त्यामुळे लिंबाच्या पानावर शीट दिसली की तिला काडीने हळूच ढोसून पाहायचे, ही माझी कॉलेजपासूनची सवय. शीट असेल तर गप्प राहते. अळी असेल तर मान उचलते, डोक्यामागून नारिंगी शिंगे काढते आणि उग्र वास सोडते. त्या सकाळी पाच शिटांनी शिंगे काढली. मी आनंदाने त्यांना बरणीत घेऊन आले.

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात अळी पाळणे म्हणजे घरात चोर जेवायला बसवण्यासारखे आहे. सगळीकडे कपाशी, आमच्या बोलीत पऱ्हाटी. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतले तेव्हा बाबा खूश झाले होते. म्हणाले, "अळ्या मारायचं शिकवत असतीन त चांगलंच हाय." आता मी शाळेत विज्ञान शिकवते आणि अळ्या वाढवते. बाबांनी ते हसून सोडून दिले आहे.

शेजारच्या काकूंनी मात्र सोडले नाही. त्यांची कपाशी आमच्या कुंपणाला लागूनच आहे. आठवडाभरात अळ्या हिरव्यागार आणि बोटाच्या पेराएवढ्या झाल्या होत्या, तेव्हा त्या गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, पाने मागायला आल्या आणि त्यांना बरणी दिसली.

"काऊन वं, बरनीत काय ठेवलं?"

"अळ्या आहेत काकू. फुलपाखरं होतील."

"माय वं! मी तिकडं सापळे लावून पतंग पकडून राह्यली, अन् तू इकडं पाळून राह्यली?"

"ह्या फक्त लिंबाच्या जातीची पानं खातात. कपाशीला तोंडसुद्धा लावणार नाहीत."

"आज लिंबावर, उद्या माह्या पऱ्हाटीवर. अळीच्या शब्दावर कोन भरोसा ठेवते?"

आतून आई म्हणाली, "फेकून देजो वं ते. काकूपेक्षा अळ्या मोठ्या हायेत का?"

मोठ्या नव्हत्याच. आमचे घर एका खोलीचे होते तेव्हा मी तीन वर्षे काकूंच्या छपरीत बसून अभ्यास केला. माझी परीक्षा असली की त्या छपरीतला रेडिओ बंद ठेवत. त्यांचे मन मोडून अळ्या ठेवणे मला जमले नसते. आणि पाचही अळ्या कोंबड्यांपुढे टाकणेही जमले नसते.

वाट काकूंनीच काढली. "मले पुस्तक नोको सांगू. आज पऱ्हाटीचं पान टाकतो बरनीत. सकाळी पानाले भोक दिसलं त अळ्या कोंबड्याईले."

"आणि नाही दिसलं तर?"

"त राहू दे मंग."

संध्याकाळी त्यांनी शेंड्यावरची मऊ पाने आणली. "कवळीच आनली. मांगून म्हनशीन, काकूनं जून पानं देल्ली." बरणीत एका बाजूला लिंबाची पाने, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटीची. मला निकालाची खात्री होती.

सकाळी चहाच्या आधीच काकू चष्मा लावून हजर. पऱ्हाटीचे पान त्यांनी उलटेपालटे करून पाहिले. एकही भोक नव्हते. "सुटल्या वं तुह्या अळ्या," असे त्या म्हणाल्या आणि थांबल्या. दोन अळ्या त्या पानाखाली मऊ होऊन पडल्या होत्या. तिसरी मान टाकून बसली होती.

"काकू, फवारा कधी मारला?"

"परवा."

पानांना वास येत होता. तो आदल्या संध्याकाळी आम्हा दोघींनाही जाणवला नव्हता, कारण त्या दिवसांत आमच्याकडे दोरीवरच्या कपड्यांना आणि बाबांच्या टोपीलाही तोच वास असतो.

"म्हंजे मीच मारल्या का वं?"

"विचारायचं काम माझं होतं," मी म्हणाले. शाळेत मुलांना प्रयोगाआधी काचेची नळी धुवायला लावणारी मी, पान धुतले नव्हते.

मी बरणी घासली. तोवर काकूंनी आपल्या परसातल्या लिंबाची पाने तोडून आणली. त्या झाडाला कधीच फवारा लागत नाही. त्यांनी एकेक पान धुऊन पदराने पुसले. तिसऱ्या अळीला वेगळ्या वाटीत ठेवले. तिने दिवसभर काही खाल्ले नाही. काकू तीन चकरा मारून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा त्या वाटी हातात घेऊन दारातच उभ्या होत्या.

"खाल्लं वं! कोपरा खाल्ला!"

आई म्हणाली, "बाई, नातू जेवला तरी एवढं ओरडत नाई तुमी."

उरलेल्या तिन्ही अळ्यांचे कोष झाले. कोष हलेना म्हणून काकूंना पुन्हा घोर लागला. दहाव्या दिवशी सकाळी काळ्यावर पिवळे ठिपके असलेले पहिले फुलपाखरू निघाले. पंख वाळवून ते उडाले ते नेमके कुंपणापलीकडे, पऱ्हाटीच्या फुलावर जाऊन बसले. मी काकूंकडे पाहायला घाबरत होते.

"मध पितंय काकू. अंडी नाही घालत तिथं."

"समजते मले. पिऊ दे."

काकू अजूनही फवारा मारतात. कपाशीला तो लागतो आणि मी त्यावर काही बोलत नाही. पण परवा त्या एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत तिळावरची बोटाएवढी जाड, हिरवी अळी होती, शेपटीशी बाकदार काटा असलेली.

"हे कोनती वं? मारू का ठेवू?"

मला तिचे नाव आठवेना. "ठेवू, काकू. शोधते मी."

"मंग खायाले आनतो," म्हणत त्या वळल्या. "तीळ अजून फवारला नाई. तरी धुऊनच आनतो."