शशिकलाबाईंची कोरी चौकट

शशिकलाबाईंच्या साठीनिमित्त लिहा, असा निरोप आला तेव्हा मी शाळेची ऑनलाइन माहिती भरत बसलो होतो. ती कधी संपतच नाही. आज भरली की उद्या नवी मागतात. पार थकून गेलो आहे. तरी लिहायला बसलो, कारण बाईंबद्दलची एक गोष्ट बोलायची राहून गेली आहे.

पहिली भेट मूल गावी झालेल्या शिक्षक-प्रशिक्षणातली. जेवून आम्ही सगळे झाडाखाली लवंडलो होतो आणि बाई हातानं तयार केलेले स्वाध्यायाचे कागद पिशवीतून काढून लावत होत्या. प्रत्येक कागदाच्या तळाशी चार बोटं कोरी जागा, भोवती चौकट. इथं मुलानं मनाला येईल ते लिहावं, त्याला गुण नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मला ती कागदाची नासाडी वाटली.

पुढं पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्याच शाळेत माझी बदली झाली. टॅब आले आणि त्या कागदांचे टॅबवर खेळ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडदा लहान म्हणून मी सगळ्या चौकटी उडवल्या. बाईंना विचारलंसुद्धा नाही.

तिसरीत बुधरी नावाची मुलगी होती. घरी गोंडी बोलायचे, म्हणून दोन वर्षं वर्गात गप्पच. त्या चौकटीत चित्रं काढता काढता नुकती कुठं बोलू लागली होती. टॅबवर प्रश्न आला, वेगळं कोणतं: मोहफूल, चारोळी, तेंदूपान, धान. मी उत्तर भरलं होतं धान. बाकीचं सगळं जंगलातलं. तिनं तेंदूपान दाबलं. लाल फुली आली, वर भोंगा. तीनदा तसंच झालं. तिनं टॅब पालथा ठेवला आणि तोंड मिटलं.

बाई रोज तिच्याजवळ जमिनीवर बसत. आठवड्यानं ती म्हणाली, "धान खातो, मोह खातो, चारोळी खातो. पान कोण खाते?"

बाई माझ्याकडे आल्या. "सर, तिचं म्हणणं सांगाची जागा कागदावर होती. ते कुठी गेली?"

मी सगळे खेळ पुन्हा करायला घेतले. उशीर का, असं बैठकीत साहेबांनी विचारलं, तेव्हा आपलेच कागद नीट नव्हते, असं बाईंनी सांगून टाकलं. मी मान खाली घालून बसलो. त्याची लाज अजून वाटते.

आता प्रत्येक खेळाच्या शेवटी मुलं आपलं म्हणणं टॅबमध्ये बोलून ठेवतात, हवं तर गोंडीत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, गुडघे दुखतात, तरी बाई एसटीनं येतात आणि टॅब कानाला लावून एकेक आवाज ऐकतात. थकत नाही का, असं विचारलं तर थकते म्हणाल्या. "पण पोरायनं बोलून ठेवलं हाये, आयकाले तं पायजे." बुधरीचं बोलणं सगळ्यांत लांब असतं.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो आणि कान असेच शाबूत राहोत. त्या बैठकीत जे बोललो नाही ते सगळ्यांदेखत इथं लिहितो: चूक बाईंची नव्हती, माझी होती. या लेखाखाली चार बोटं जागा कोरी सोडली आहे. बाईंचं काय म्हणणं आहे, ते त्यांनी तिथं लिहावं.