विहिरीच्या पाण्याने खोडलेला अहवाल

भास्करराव चुरी सरांनी माझी मुलाखत येरझाऱ्या घालत घेतली. पालघरच्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत ते फिरत होते आणि मी मान वळवून वळवून उत्तरे देत होतो. आज साठाव्या वर्षीही सर स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्या साठीच्या गौरव अंकासाठी हा लेख लिहिताना मलाही बसवत नाही.

खाडीची चिकणमाती पाण्यातले जड धातू धरून ठेवते, हे सरांनीच आम्हाला शिकवले. ‘पण पाण्यात आणखी काय विरघळलंय ते विचारल्याशिवाय मातीवर विसंबू नका,’ असे ते बजावत. तारापूरकडे नवी बांधकामे सुरू झाली त्या वर्षांत एका कारखान्याला धातूवर मुलामा देताना उरलेले, विषारी कॅडमियम असलेले पाणी मातीचे अस्तर लावलेल्या खड्ड्यात सोडायचे होते. हाकेच्या अंतरावर एका वाडीची पिण्याची विहीर होती. माती धातू धरेल का, हे तपासायचे काम माझ्याकडे आले. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. प्रयोगशाळेच्या शिस्तीप्रमाणे मी भांडी तीनतीनदा विसळली, शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घेतले. मातीने जवळजवळ सगळा धातू धरला. मी खुशीत अहवाल लिहिला आणि माझ्यावर विश्वासून सरांनी सही केली.

अहवाल गेला तरी सरांना चैन पडेना. ते मला घेऊन वाडीवर गेले. विहिरीवर वाडीतल्या हिराबाई पाणी शेंदत होत्या. सरांनी प्यायला मागितले.

“घ्या साहेब, पन खारं हाय. उधानाला खाडी आत येते. आमाला सवय झाली.”

सरांनी घोट घेतला आणि माझ्याकडे वळले. “तुम्ही कोणतं पाणी घेतलं होतंत?”

मी सांगितले. सरांनी विहिरीचे पाणी बाटलीत भरून घेतले.

तोच प्रयोग आम्ही विहिरीच्या पाण्यात केला. मिठातल्या क्लोराइडने कॅडमियमला आपल्याशी बांधून घेतले आणि बराचसा धातू मातीला न चिकटता पाण्यातच राहिला. दुसऱ्या दिवशी सर कारखान्यात गेले. “अहवाल चुकला. चूक माझी आहे,” ते म्हणाले.

“मग तुमच्या सहीवर विश्वास कसा ठेवायचा?” मालकांनी विचारले.

“ठेवू नका. पण पाणीही सोडू नका.”

खड्डा रद्द झाला. मात्र ‘चुरींचा अहवाल दुसऱ्याकडून तपासून घ्या,’ असे बोईसरात सर्रास बोलले जाऊ लागले. सरांच्या शिफारशीने माझी नोकरी कायम झाली आणि मी गप्प राहिलो.

ताकाला जाऊन भांडे कशाला लपवू? ती चूक माझी होती, हे सरांवर प्रेम करणाऱ्या तुम्हा सर्वांना आज कळावे. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि त्यातल्या एखाद्या दिवशी त्यांनी मला मनसोक्त रागवावे. त्या दिवशी ते रागावले नाहीत, तेच अजून सलते.